नवा कर्नल

“कुठं हाय तुमचा त्यो नवा कर्नल? बोलवा त्याला भाईर.”

कारखान्याच्या गेटावरचा माणूस खुर्चीतून अर्धा उठला. खाकी कपडे, पीळ दिलेल्या मिशा, काखेत छडी. पोट तेवढं पट्ट्याच्या बाहेर आलेलं. मला वाटलं, हाच तो.

“तुमीच का कर्नल?”

माणूस खुलला. मिशीवर हात फिरवत म्हणाला, “कर्नल न्हाई बाई, सुभेदार. सुभेदार श्रीमंत घुले, रिटायर. हितला सिक्युरिटी हापिसर.”

“मग तुमच्या वरचा दाखवा. माझ्या पोराचं वायरलेस बंद पाडलंय त्यानं. काल आला आन काल बंद पाडलं. येवढी काय घाई हुती त्याला?”

सुभेदार माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या मागे रस्त्यावर उसाच्या गाड्या पार ओढ्याच्या पुलापर्यंत खोळंबल्या होत्या. बैल जू टाकून बसलेले, ट्रॅक्टरवाले चाकांच्या सावलीत चहा पीत आणि माझ्या पोराच्या नावाने शिव्या घालत. ते ज्याला ‘वायरलेसवाला’ म्हणत होते, तो माझा महेंद्र. मी ऐकत होते आणि दातओठ खात होते.

सकाळी पीरमहंमदने निरोप आणला होता. हा आमच्या गावातला, वजनकाट्यावर रातपाळीला असतो. सायकलवरून न उतरताच बोलला, “मावशी, महेंद्रभाऊ आता बी घरी येत न्हाईत. काल नवा कर्नल टाकला, तवापासून वायरलेस बंद हाय. साहेब लई तापलेत. सांजच्याला चालू न्हाई झालं तर घरी बस म्हनलेत.” आणि जांभई देत झोपायला निघून गेला.

मी पीठ परातीतच सोडलं. आम्ही नगरकडची माणसं. कर्नल म्हणजे काय, ते आम्हाला कोणी शिकवायला नको. महेंद्रचे वडील भिंगारच्या लष्करी कॅम्पात मेसमध्ये कामाला होते. जुना कर्नल भला माणूस. यांच्या हातचं कालवण खाऊन त्याने सांगितलं होतं, तुला कायम करतो, कागद वर पाठवलाय. मग त्याची बदली झाली आणि नवा आला. पहिल्या दिवशी मेसमध्ये शिरला, यांच्याकडे बोट करून म्हणाला, “ये आदमी कौन है?” संपलं. इतकी वर्षं ज्यांना जेवू घातलं त्यातल्या एकानेही सांगितलं नाही, हा कोण आहे ते. पुढे कितीतरी दिवस हे सकाळी उठून इस्त्रीचा सदरा घालायचे आणि ओट्यावर बसून राहायचे. मी भांडी आपटायचे. दुसरं काय करणार?

तर नवा कर्नल आला आणि माझ्या घरातल्याचं काम गेलं, हे एकदा होऊन गेलं होतं. दुसऱ्यांदा मी होऊ देणार नव्हते. ठेवणीतलं लुगडं नेसले आणि चालत कारखाना गाठला.

सुभेदार मला काट्याच्या खोलीकडे घेऊन निघाला. वाटेत म्हणाला, “बाई, कर्नल आल्याचं मला तर कोनी सांगितलं न्हाई. गेटावरून मानूस आत गेला आन मला ठावं न्हाई, असं व्हनार न्हाई.”

“तुमी झोपला असाल.”

त्याने मिशी खाली केली.

खोलीत महेंद्र जमिनीवर बसला होता. कॉम्प्युटरचं डबडं उघडून आतडी बाहेर काढलेली. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. मला बघून कपाळाला हात लावला.

“आये, तू कशाला आलीस?”

“त्या कर्नलला बघायला. कुठं बसतो त्यो?”

माझ्या पोराने एकदा सुभेदाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्या डबड्याकडे हात केला. “ह्याच्यात.”

मग त्याने सांगितलं ते असं. हा कर्नल म्हणजे माणूस नाही, कॉम्प्युटरच्या आतला मुकादम; त्या लोकांत त्याचं नावच ‘कर्नेल’. बाकीची सगळी कामं त्याच्या हुकमाने चालतात. काट्यावर गाडी चढली की वजनाचा आकडा या मशिनीतून निघतो आणि गच्चीवरच्या अँटेन्यातून पलीकडे ऑफिसात जातो. आधी वायर पुरलेली होती, ती उसाच्या ट्रॅक्टरांनी रगडली, पुन्हा पुरली, पुन्हा रगडली. तेव्हा महेंद्रनेच हे बिनवायरीचं बसवलं. दिवाळीपासून एकदा अडलं नव्हतं. पण दोन हजार साल लागणार, त्या दिवशी जुने कॉम्प्युटर वेडे होणार, असं मोठ्या साहेबांनी पेपरात वाचलं. हुकूम काढला, सगळं नवं करा. महेंद्र म्हणाला, साहेब, ह्याला काही होणार नाही. साहेब म्हणाले, मला शिकवू नको. झालं, पुण्याहून नवा कर्नल मागवला आणि बसवला.

“आन वायरलेसचा ड्रायव्हर बिघडला,” महेंद्र म्हणाला.

“ड्रायव्हर तर भाईर चा पीत बसल्यात. चांगले धडधाकट.”

“आये, त्यो न्हाई! वायरलेसचं कार्ड चालवनारा. त्यो बी आतच असतो.”

“मंग केवढी मानसं कोंबलीत रे त्या डबड्यात?”

सुभेदार हसला. मी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला.

महेंद्रने सगळं करून पाहिलं होतं. अँटेना पुसला, वायर बदलली. बॉयलरचा धूर आडवा येतो असं एक फिटर म्हणाला, म्हणून अँटेन्याचा पाइप उंच केला. अँटेन्यावर कावळे बसतात असं दुसरा म्हणाला, तर एका माणसाला गोफण देऊन गच्चीवर बसवलं. तो अजून तिथेच बसला होता. शेवटी हेच कार्ड काढून ऑफिसातल्या मशिनीत घातलं, तिथे जुनाच कर्नल होता. लगेच चाललं. कार्ड चांगलं, अँटेना चांगला, वायर चांगली. खोट आतल्याची.

“आकडा पाठवतोय बराबर,” तो म्हणाला. “पलीकडं पोचतोय बी. पन पलीकडून ‘मिळाला’ म्हनत्यात ते ह्याला ऐकू येत न्हाई. म्हनून परत परत त्योच आकडा पाठवत बसतो. बोलतो निस्ता. ऐकत न्हाई.”

“मंग कर्नलच हाय,” मी म्हणाले.

यावर सुभेदार इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. म्हणाला, “बाई, तीस वर्स नोकरी केली, येवढं खरं कोन बोललं न्हाई.”

तेवढ्यात मोठे साहेब आले. कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. मी पदर सावरला, पण उठले नाही.

“काय झालं का? गाड्या कुठवर गेल्यात बघितल्या का? ऊस वाळतोय, शेतकरी माझी गचांडी धरतील. पाच वाजेपर्यंत बघतो. नाहीतर वायर टाकायला माणूस सांगितलाय मी. मग तुझं इथे काही काम नाही.”

“साहेब, जुना होता तो चांगला चालत—”

“जुनं-जुनं करू नको. नवीन वर्ष येतंय.” मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. “ह्या बाई कोण आहेत?”

तेच. बोट तेवढं केलं नाही. माझ्या तोंडाशी आलं होतं, पण पोराकडे पाहून गिळलं. सुभेदार पुढे होऊन म्हणाला, “माझ्या पावन्या हायत, सर.” साहेब निघून गेले.

“जुन्याला बोलव माघारी,” मी म्हणाले.

“रातीच बोलवला असता. पन जागा न्हवती आये, दोघं मावत न्हवते. नवा घालाया जुना पुसला मी. ऑफिसातला जुना आनावा तर त्याला ह्यो काटा बघायचं ठावं न्हाई. ह्याचा जुना त्या शिडीवर हुता. चकचकीत गोल तबकडी. पेटीत ठिवली हुती, आता घावत न्हाई. सीमाला फोन केला शेजारी, तिला बी न्हाई घावली.”

सीमा म्हणजे माझी सून. तिला कुठून घावणार? चकचकीत गोल तबकडी मला चांगली माहीत होती. ती पेरूच्या झाडावर लटकत होती.

“कसली शिडी? दिवाळीत पेटी झाडताना तूच म्हनलास ना, हे जुनं झालं, टाकून दे? मी टाकत न्हाई काही. राघू पेरू खात्यात म्हनून बांधली. एक राघू फिरकला न्हाई तवापासून.”

महेंद्र माझ्याकडे असा बघत राहिला की मलाच वाटलं आता हा रडणार.

“बघतोस काय? जाऊन आन.”

“आये, चालू मशीन सोडून जाता येत न्हाई मला.”

तेव्हा सुभेदाराने मोटारसायकल काढली. मी आयुष्यात परक्या माणसाच्या मागे बसले नव्हते. त्या दिवशी बसले. सगळ्या उसाच्या रांगेसमोरून गेले. एक गाडीवान ओरडला, “मावशी, धरून बसा!” मी त्याला सांगितलं, “तू तुझे बैल धर.”

तबकडी सुतळीसकट काढली. एका बाजूला राघूंनी शिटलं होतं. मी पदराने पुसायला गेले तर सुभेदार म्हणाला, “बाई, चरा पडंल.” मग घागरीतल्या पाण्याने नुसती विसळली आणि नव्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरून आणली.

मशीन ती घेईना. घुरघुर करायची आणि बाहेर फेकायची. महेंद्रने पुसली, पुन्हा घातली. फेकली. उन्हाने तिच्या पाठीचा मुलामा जागोजाग उडाला होता. मी कोपऱ्यात बसून होते. काही बोलले नाही, आणि ज्यांनी मला पाहिलंय त्यांना कळेल की हे किती कठीण. पुन्हा घातली. या वेळी आतलं घुरघुरणं लांबलं आणि दिवा लुकलुकू लागला. महेंद्रने हात वर केला, कोणी हलू नका म्हणून. सुभेदार तर अटेन्शनमध्येच उभा राहिला.

ऊन उतरताना पहिली गाडी काट्यावर चढली. आकडा गेला. ऑफिसातून फोन आला, “मिळाला.” बाहेर बैल उठले, ट्रॅक्टर सुरू झाले, आणि सकाळपासून माझ्या पोराला शिव्या घालणारे आता एकमेकांना घालू लागले. गच्चीवरचा गोफणवाला खाली उतरून विचारू लागला, “कावळे गेले का?”

मोठे साहेब दारातून डोकावले. “झालं ना? बघ, नवीन टाकल्यावर कसं फास्ट चाललंय.” आणि गेले.

महेंद्र उघडलेलं डबडं बंद करू लागला. मी म्हणाले, “सांग की त्याला.”

“ऱ्हाऊ दे आये. इचारलं तर सांगीन.”

“हे असंच बोलायचे तुझे वडील.”

दोन हजार साल आलं आणि काही वेडंबिडं झालं नाही. नव्यातली खोट महेंद्रने पुढे शोधली. कार्डाला आधी त्याचा नंबर सांगायचा आणि मग कान उघडायचा, ते हा ड्रायव्हर लिहिणाऱ्या लांबच्या कुण्या शहाण्याने सुधारणा म्हणून उलटं केलं होतं. महेंद्रने त्याला पत्र धाडलं, त्याच मशिनीतून. त्याने आभार मानले म्हणे. साहेबांनी काय ते कधी विचारलं नाही. महेंद्र अजून हंगामीच आहे.

संक्रांतीच्या सुमाराला मी डबा घेऊन काट्यावर गेले. महेंद्र ऑफिसात गेला होता, मशिनीपुढे पीरमहंमद होता. तेवढ्यात लाईट गेली आणि आली. काळ्या काचेवर पांढरी अक्षरं उमटून थांबली.

“आता हे इचारतं मावशी, कोनाला बोलवू म्हनून. भाऊनं जागा करून दोघं कर्नल ठिवलेत. जुन्याला नाव दिलंय, ते टायपायचं.” त्याने एक एक बटण दाबलं. “पन कोन हाय ह्यो? भाऊ सांगत न्हाई.”

“मला इंग्रजी येत न्हाई. वाच.”

त्याने वाचलं. मोठ्याने.

माझा हात आपोआप पदराकडे गेला. आम्ही बौद्ध झालो, देव सोडले, उपास सोडले, पण नवऱ्याचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही. हे गेले तेव्हा दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, तेव्हाही महेंद्रला पुढे केलं. इथेही ते लिहिणार नाही.

“कोन हाय मावशी?”

“जुना मानूस हाय,” मी म्हणाले. “बघ, आला का कामावर.”

अक्षरं भराभर वर सरकली. काट्यावर एक गाडी येऊन उभी होती. आकडा गेला, पलीकडून उत्तर आलं.

“आला,” पीरमहंमद म्हणाला.

मी डबा टेबलावर ठेवला, आणि पदर डोक्यावर तसाच धरून थोडा वेळ उभी राहिले.