विल्फ्रिदो परत आला

बोस्टनला मावशीकडे महिनाभर राहून यायचं, एवढंच माझ्या भावाला हवं होतं. व्हिसाच्या खिडकीवरच्या साहेबानं त्याला दोनदा परत पाठवलं. बायको नाही, नोकरी नाही, घर नाही. हा माणूस गेला की परत कशाला येईल? आता साहेबाला काय ठाऊक, की इथे बानी गावात त्याला एक बहीण आहे आणि आई गेल्यापासून तिनंच त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलंय? पण बहिणीचा कागद निघत नाही. घराचा निघतो.

विल्फ्रिदोनं जेवण टाकलं, तेव्हा मीच म्हणाले, "माझं घर तुझ्या नावावर करू. आलास की परत माझ्या नावावर." गाड्यावर पास्तेलितो, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्या, तळून तळून उभ्या केलेल्या दोन खोल्या होत्या त्या. वकिलानं विचारलं, विक्री खरी ना? मी बेधडक शपथेवर हो म्हणाले. तिसऱ्या खेपेला व्हिसा मिळाला.

शेजारच्या दोन्या मेर्सेला राहवेना. कुंपणावरून ओरडली, "बेल्किस, बस आता वाट बघत! गेलेला कुणी परत आलाय का?"

"तुमचा नवरा नाही आला, म्हणून सगळेच तसले का?"

तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

मनातून मात्र मी टरकले होते. घराची नव्हती भीती. तो तिकडेच राहिला असता तर मला जगात कोण होतं? रोज मारियामातेपुढे मेणबत्ती लावत होते.

आणि आला की तो! ठरल्या दिवशी, दोन बॅगा घेऊन. मी बोकडाचं मटण शिजवलं, दोन्या मेर्सेला मुद्दाम बोलावलं, ताट भरून वाढलं. "आलाय. नीट बघून घ्या!" बिचारी जेवून गेली.

ती गेल्यावर विल्फ्रिदो बोटं चाटत म्हणाला, "ताई, उद्या एक जण घर बघायला येतोय."

"कुणाचं?"

"हेच. मावशीच्या ओळखीचा आहे, चांगली किंमत देतोय. मला ट्रक घ्यायचाय."

मला थट्टाच वाटली. "आणि मी कुठे जाऊ?"

"तुझं काय, गाडा कुठेही लागतो. बघू एखादी भाड्याची खोली."

"विल्फ्रिदो, घर माझं आहे."

"विकलं म्हणून तूच सांगितलंस ना शपथेवर? आता काय सांगणार, खोटं बोलले म्हणून? तुलाच आत टाकतील, ताई."

हे अगदी मायेनं बोलला, जसं काही माझ्याच काळजीपोटी. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. परका असता तर कढईतलं तेल अंगावर ओतलं असतं. याच्या पुढचं ताट तेवढं उचललं आणि मागच्या दारी जाऊन रडले.

सकाळी तो त्या माणसाला आणायला बाहेर पडला, तसं मी दाराचं कुलूप आतून लावून घेतलं. दोघं आले, दार वाजवलं. मी खुर्चीवरून हलले नाही. बघू म्हटलं, कुणाच्या बापाची हिंमत आहे.

मग कुलपात किल्ली फिरली. ती मीच त्याला लहानपणी करून दिली होती, शाळा लवकर सुटली तर पोराला उन्हात दारात बसायला लागू नये म्हणून.