अख्खा पंजा

"डोळे कुठे?"

"रस्त्यावर."

"हात?"

"चाकावर."

"आणि बोट?"

"खाली," डीलिया म्हणाली.

"समोरून साक्षात पोप आला तरी?"

"तरी खाली. पुरे आता, जार्लाथ."

बॅलिना शहरात ड्रायव्हिंगच्या परीक्षा केंद्राबाहेर दोघं गाडीत बसले होते. जार्लाथ म्हणजे तिचा शेजारी. सत्तरी उलटलेला, तोंडाने फटकळ, पण मनाने मऊ. शिकाऊ माणसाने एकट्याने गाडी चालवायची नाही असा कायदा, म्हणून गेलं वर्षभर हा बिचारा तिच्या शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून बसत आला होता. आता तोही मुलीकडे मँचेस्टरला कायमचा निघाला होता. आज नापास झाली तर एलची पाटी लावलेली ती गाडी अंगणातच गंजणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

याआधी दोनदा ती नापास झाली होती, आणि दोन्ही वेळा एकाच गोष्टीपायी. तिच्या एरिस भागात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. ओळखीचा असो, परका असो, त्याने उचललं की आपण उचलायचं. न उचलणारा माणूस एकतर शिष्ट, नाहीतर सरकारी. पहिल्या परीक्षेत डीलियाने ऐन वळणावर बोट उचललं आणि चाक सुटलं. दुसऱ्या वेळी समोरून पोस्टमन आला, त्याने काच खाली केली, आणि ही बाई परीक्षा विसरून भर रस्त्यात थांबून त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करत बसली. परीक्षकाने कपाळावर हात मारला असेल. एरिसमध्ये मात्र दोष तिचा आहे असं कोणी म्हटलं नाही.

खरं तर तिला गाडी शिकायचीच नव्हती. लग्नापासून ती डाव्या सीटवर बसली आणि तिचा नवरा ऑस्टिन गाडी चालवत राहिला. गेल्या हिवाळ्यात ऑस्टिनला झटका आला. वाचा गेली, अंग गेलं. त्याला बॅलिनाच्या शुश्रूषागृहात ठेवलं, आणि घरून तिथवर यायला आठवड्याला एक बस. तिच्या हातात काय उरलं होतं? तर ऑस्टिनचं एक बोट. ती दारात आली की चादरीवर उजव्या हाताचं ते बोट वर व्हायचं. नर्सेस म्हणायच्या, शिरा आखडतात. पण चाळीस वर्षं तेच बोट डीलियाने काचेपुढे वर होताना पाहिलं होतं.

वसंतात तिथल्या मोठ्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, तुमची गाडी असली तर रविवारी घरी न्या की त्यांना, समुद्र बघून येऊ देत. ते ऐकून ऑस्टिनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हापासून डीलियाला एवढा एकच ध्यास. एक रविवार. त्याला डाव्या सीटवर बसवायचं आणि घरी न्यायचं.

"जा," जार्लाथ म्हणाला. "मी तोवर ऑस्टिनकडे बसतो. सांगतो त्याला, बायको रस्त्यावर सुटलीय, गावाने आपापल्या मेंढ्या आत घ्याव्यात."

परीक्षक बाई दूर दक्षिणेच्या कॉर्ककडची, तरुण, बोलायला गोड. डीलियाने गाडी काढली. आरसा, इंडिकेटर, गिअर. पुलावरून एक ट्रॅक्टर आला, चालवणाऱ्याने बोट उचललं. डीलियाने मान वळवली नाही. तिला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. चढावर गाडी थांबवून पुन्हा निघाली, मागे तसूभरही घसरली नाही. रिव्हर्स नीट जमलं. होतंय, तिला वाटलं, देवा, होतंय.

मग बाईंनी डावीकडे वळायला सांगितलं आणि गाडी शुश्रूषागृहाच्या रस्त्याला लागली.

फाटकाशी, फूटपाथच्या अगदी कडेला जार्लाथ उभा होता. डोक्यावर टोपी नव्हती. त्याने हात वर केला होता. बोट नव्हे, अख्खा पंजा.

एक बोट म्हणजे सगळं ठीक. पंजा म्हणजे थांब, काहीतरी झालंय. हे एरिसच्या शेंबड्या पोरालाही कळतं. डीलियाचा पाय ब्रेककडे गेला. आता थांबले तर संपलं, रविवार गेला. जार्लाथ चेष्टा करत असेल, माझी परीक्षा घेत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पंज्याची चेष्टा कोणी करत नाही हेही तिला माहीत होतं. तिने पाय उचलला. डोळे रस्त्यावर, हात चाकावर. नियमाप्रमाणे तिने आरशात पाहिलं, तर तो हात तसाच वर होता.

उरलेल्या परीक्षेत तिने आयुष्यात कधी चालवली नव्हती इतकी छान गाडी चालवली.

"अभिनंदन, मिसेस गॉहन," बाई म्हणाल्या. "किती शांत चालवता हो तुम्ही."

बाहेर जार्लाथ आला होता, धापा टाकत. टोपी हातातच होती. त्याच्या तोंडाकडे बघूनच तिने गाडीच्या दाराला हात टेकला.

"केव्हा?" तिने विचारलं.

"आत्ताच. मी गेलो तेव्हाच श्वास लागला होता गं. नर्स म्हणाली, बायकोला बोलवा. म्हणून धावत रस्त्यावर आलो." तो थांबला. "मी हात केला होता, डीलिया."

"पाहिला मी."

जार्लाथने मान खाली घातली.

"मी फाटकावरून गेले तेव्हा जिवंत होता का तो?"

"जाऊ दे ना आता."

"होता का, जार्लाथ?"

"होता. दाराकडे डोळे लावून होता. मी परत आत गेलो तर बोट उचललं त्याने. मग तू नाहीस असं दिसलं, तसं खाली ठेवलं."

रविवारी ऑस्टिनला घरी आणलं. शववाहिकेच्या मागे डीलिया स्वतः गाडी चालवत होती. शेजारी जार्लाथ बसला होता, बसायची गरज नसताना. एलची पाटी त्यानेच काढली होती. त्या रस्त्यावर शववाहिका दिसली की गाड्या कडेला थांबतात, माणसं छातीवर क्रूस काढतात, आणि बोट कोणी उचलत नाही. आजही कोणी उचललं नाही. टेकडी ओलांडली आणि खाली समुद्र दिसायला लागला.

तिथे डीलियाने उजवा हात चाकावरून काढला आणि काचेपुढे धरला. अख्खा पंजा.

जार्लाथने पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. पुढची शववाहिका थांबली नाही.