लेखक लवकरच कळवतील

दादा गेल्यावर ऑफिसात जो तो मला रजा घे म्हणत होता. रजा घेऊन करू काय, भिंतींशी बोलू? मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. इथल्या प्राध्यापक-डॉक्टरांचे शोधलेख कुणालाही फुकट वाचता यावेत म्हणून आमच्या वेबसाइटवर साठवायचे, हे माझं खातं. लेख मात्र लेखकाने स्वतः टाकायचा, आणि ही मंडळी म्हणजे आज टाकतो, उद्या टाकतो. इथल्याच इस्पितळात बाळांचा डॉक्टर असलेला माझा दादा, तो एकटाच शहाण्यासारखा वागायचा.

त्याचा शेवटचा लेख अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नळी काढून चमच्याने दूध कसं पाजायचं, यावर होता. छापणाऱ्या जर्नलची अट अशी, की वर्षभर तो आमच्याकडे कुलपात राहील. तोवर ज्याला हवा त्याने ‘प्रत मागा’ हे बटण दाबायचं. मागणी थेट लेखकाच्या मेलवर जाते, त्याने ‘हो’ दाबलं की प्रत सुटते. मध्ये आम्ही नाक खुपसायचं नाही. दादा चहा निवायच्या आत ‘हो’ दाबायचा. मागणाऱ्याला ताटकळत ठेवू नये गं, म्हणायचा.

परवा वहिनी त्याचा फोन घेऊन माझ्याकडे आली. तो गेल्यापासून फोन कपाटात बंद पडून होता. तिला त्यातले फोटो हवे होते. चार्जिंगला लावून सुरू केला, तर मेल धडाधड येऊन पडले. फोटो राहिले बाजूला. कुठल्याशा लहान इस्पितळातली नर्स दादाचा लेख पुन्हा पुन्हा मागत होती. मागताना कारण लिहायचं असतं. आधी लिहिलेलं, बाळ नळीवर आहे, चमच्याने पाजायला शिकायचंय. मग, बाळ अजून नळीवरच आहे. शेवटी नुसतंच, कृपया.

प्रत्येक मागणीला आमच्याकडून आपोआप उत्तर जातं, ‘लेखक लवकरच कळवतील.’ ते वाक्य मीच लिहिलेलं. गेलेल्या भावाच्या नावाने मी वायदे करत बसले होते. डोकं असं फिरलं! पण रागवायचं कुणावर?

“वन्सं, आपण दाबलं तर चालेल?” वहिनीने विचारलं.

चालत नव्हतं. लेखकाशिवाय कुणी हात लावायचा नाही, हे घसा कोरडा करून मीच सगळ्यांना सांगत आले.

“दाब,” मी म्हटलं. “गेला नियम चुलीत.”

चहा घेतोय तोवर नर्सचं उत्तर आलं. वहिनीने वाचून दाखवलं.

“सर, लेख मिळाला. ते बाळ राहिलं नाही. आज वॉर्डात दुसरं आलंय, त्याच्यासाठी वाचतेय. तुम्हाला कधी उशीर होत नाही असं ऐकलं होतं. तब्येत बरी आहे ना?”

इतके दिवस कोरडी राहिलेली वहिनी टेबलावर डोकं टेकून रडली. मी उत्तर लिहायला फोन घेतला. ‘सर आता’ एवढं लिहिलं आणि पुढे बोट चालेना. तिने डोळे पुसले, माझ्या हातातून फोन घेतला, मी लिहिलेलं खोडलं आणि लिहिलं, ‘बरे असते तर तुम्हाला त्याच दिवशी मिळाला असता.’