काचेवरची तारीख

दर्यापूर तालुक्यात कुणाला घर विकत घ्यायचं असलं, की तो वकिलाच्याही आधी चंद्रभानभाऊंकडे येई. भाऊंची दहा एकर शेती होती, कपाशी आणि सोयाबीन रीतसर पिकत होतं, पण नाव झालं होतं ते भेगांमुळे. तरुणपणी त्यांनी अमरावतीत बांधकामावर मिस्त्रीकाम केलं होतं, आणि तेव्हापासून भिंत दिसली की त्यांचे डोळे बारीक व्हायचे. इथली काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते की हात कोपरापर्यंत आत जावा, आणि पावसाळ्यात अशी फुगते की दारं चौकटीत अडकून बसतात. असल्या मातीवरचं घर शांत बसेलच कसं? म्हणून भाऊ भिंतीवर काचेची पट्टी आडवी चिकटवायचे, दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा लावायचे आणि काचेवर लाल ऑइलपेंटने तारीख घालायचे. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. वर्षभर काच शाबूत राहिली तर घर घ्या, नाहीतर नमस्कार करा. अमरावतीच्या राजापेठेतले शिकले-सवरलेले लोकसुद्धा हा निकाल मानत.

भाऊंचा ब्रश नेहमी रंगाने थबथबलेला असे, त्यामुळे तारखेखाली एखादा ओघळ यायचाच. ती त्यांची सहीच म्हणा ना.

त्यांच्या स्वतःच्या घरात, मधल्या खोलीत, तशीच एक पट्टी होती. ३ मे १९९८. आलेल्या प्रत्येकाला भाऊ कॅलेंडर बाजूला सारून ती दाखवत. "पाहा, सत्तावीस वर्षं झाले. काचेले ओरखडा नाई." हे घर भाऊंनी स्वतः बांधलं होतं, हेही मग ओघाने येई. त्यांच्या पत्नी सुभद्राकाकू नेमक्या त्याच वेळी चहा ठेवायला आत जात.

तर अशा माणसाची एकुलती एक मुलगी आचल. ती शिक्षिका झाली आणि तिला नोकरी लागली थेट कोकणात. भाऊंनी तेही गिळलं. पण दोन वर्षांनी, मे महिन्यात, ती शेजारच्या शाळेतल्या शुभम नावाच्या शिक्षकाला घेऊन घरी आली आणि म्हणाली, "बाबा, मले याच्यासंगंच लग्न करायचं हाय."

मुलगा दिसायला बरा होता, बोलायला नम्र होता. भाऊंना तिथूनच संशय आला.

"घर कुठी हाय तुमचं, पाहुणे?"

शुभमने मोबाइलवर व्हिडिओ लावला. जांभ्या दगडाचं कौलारू घर, पुढे अंगण, अंगणात दोन माड, आणि माडांच्या पुढे नुसतं आभाळ.

"याच्या फुडं काय हाय?"

"समुद्र, काका. खाली. आमचं घर कड्यावर आहे."

"खाली म्हंजे किती खाली?"

"असेल सत्तर-ऐंशी फूट."

भाऊंनी व्हिडिओ पहिल्यापासून पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. तोंडावर मात्र त्यांनी मिस्त्रीचा चेहरा धरून ठेवला. "भिंती नव्या रंगवल्या दिसते. कावून?"

"गणपतीत रंगवतो, दरवर्षी."

"दरवर्षी! दरवर्षी काय झाकता?"

आचलने कपाळाला हात लावला. शुभम मात्र चिडला नाही. "काका, आजोबांनी बांधलंय ते घर. साठ वर्षं उभं आहे."

"कडा तं त्याच्याहीपेक्षा जुना असन. तो उभा राहीन का, हे इचारून राहिलो मी." मग भाऊंनी कॅलेंडर बाजूला सारलं, आपली काच दाखवली आणि अट घातली. समुद्राच्या अंगाच्या भिंतीवर एक पट्टी लावायची. दिवाळीपर्यंत शाबूत राहिली तर लग्न, नाहीतर पोरगी दुसरीकडे बदली मागून घेईल आणि हा विषय संपेल. आचल काही बोलणार तोच शुभम "चालेल" म्हणाला. इतक्या पटकन चालेल म्हणणारा माणूस भाऊंना मुळीच आवडत नसे.

पट्टी भाऊंनी इथेच तयार केली. आचल निघाली त्या दिवशीची तारीख घातली, १२ जून, आणि गाडीची वेळ होत आली म्हणून घाईत 'न'च्या काठीखाली लांब ओघळ उतरला. पुसायला वेळ नव्हता. रंग वाळला तशी पट्टी टॉवेलात गुंडाळून आचलच्या बॅगेत गेली. अकोल्याच्या स्टेशनावर गाडी हलली तरी भाऊ खिडकीबरोबर चालत सांगत होते, "सिमेंट पक्कं लावजो. अन् दर इतवारी फोटो पाठवजो."

दर रविवारी फोटो येऊ लागला. भाऊ तो चहा थंड होईपर्यंत पाहत. पहिल्या फोटोत काच चकचकीत होती. जुलैत तिच्यावर खारट धुरकट थर दिसू लागला आणि डाव्या गोळ्यावर हिरवट शेवाळ आलं. ते पाहून भाऊंना बरं वाटायचं, कारण शेवाळ खोटं बोलत नाही. आणि थोडं वाईटही वाटायचं. खरं सांगायचं तर काच फुटावी असंच त्यांना वाटत होतं. फुटली की पोरगी परत येईल, आणि आपण तिला अडवलं असंही होणार नाही. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

ऑगस्टच्या मध्यावर कोकणात आठ दिवस धो धो पाऊस झाल्याच्या बातम्या टीव्हीवर आल्या. त्या रविवारी फोटो आलाच नाही. आला तो मंगळवारी. काच शाबूत, तारीख तीच, ओघळही तिथेच, डाव्या गोळ्यावर शेवाळही होतं.

"झालं ना समाधान?" सुभद्राकाकूंनी विचारलं.

भाऊंचं समाधान झालं नव्हतं. काय खटकतंय ते कळत नव्हतं, पण दोन दिवस त्यांना जेवण गोड लागेना. शेवटी त्यांनी अमरावतीची बस धरली आणि राजापेठेतल्या एका फोटो स्टुडिओत जाऊन जूनचा आणि आताचा असे दोन्ही फोटो वहीच्या पानाएवढे मोठे करून घेतले. स्टुडिओवाल्याने विचारलं, "काका, कोर्टाचं काम आहे का?" "तसंच समजा," भाऊ म्हणाले. बाहेर ट्यूशनच्या पोरांच्या गाड्यांचा गोंगाट चालला होता आणि भाऊ स्टुडिओच्या बाकावर दोन्ही फोटो मांडीवर घेऊन बसले होते.

अर्ध्या तासाने त्यांना सापडलं. रंग आपसूक ओघळतो तेव्हा खाली जाऊन थांबतो आणि टोकाला थेंब जमतो. जूनच्या ओघळाला तसा थेंब होता. आताचा ओघळ खाली निमुळता होत गेला होता. तो ओघळलेला नव्हता, ब्रशने काढलेला होता.

म्हणजे काच फुटली होती आणि बदलली होती. बदलणारा ओघळसुद्धा विसरला नव्हता, शेवाळसुद्धा त्याने खरवडून नव्या सिमेंटवर थापलं होतं. "मास्तर लबाड निघाला," भाऊ मोठ्याने म्हणाले, आणि त्यांना आनंद झाला. परतीच्या बसमध्ये त्या आनंदाची त्यांना जरा लाजही वाटली, पण फार नाही.

फोनवर ते काही बोलले नाहीत. महालक्ष्म्यांना आचल येणारच होती. ती आली, तिने आईबरोबर पुरण घातलं, सोळा भाज्या चिरल्या, पाहुण्यांना वाढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, पाहुणे पांगल्यावर, भाऊंनी तिला मधल्या खोलीत बोलावलं आणि दोन्ही फोटो पलंगावर ठेवले.

"काच फुटली व्हती. त्या मास्तरानं बदलली. खोटं हाय का सांग?"

आचलने फोटो हातात घेतले. बराच वेळ पाहिले. "ओघळ चुकला ना?" ती म्हणाली.

"म्हंजे तुले माईत व्हतं!"

"मीच बदलली, बाबा. शुभम म्हणत होता, काकांना सांगून टाक. मी नाई म्हटलं."

मुलगा लबाड निघाला असता तर किती सोपं झालं असतं. "बापाले फसवतं? भित हालून राहिली, खाली समुद्र हाय, अन् तू बापाले ओघळ काढून पाठवतं?"

"कड्याचा एक तुकडा गेला, अंगणाच्या टोकाचा. काचेले एक तडा गेला. मंग आम्ही समुद्राकडची खोली रिकामी केली. शुभमची आई आता रस्त्याकडच्या खोलीत झोपते. रस्त्यापलीकडं त्यायची जागा हाय, तिथं दोन खोल्या बांधणार हाय. दोन वर्षं लागतीन. तोवर आमी त्याच घरात राहू, पण पाहून राहू."

"अन् हे मले सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तं तुमी काय म्हटलं असतं?"

भाऊंनी तिच्या हातातले फोटो काढून घेतले आणि पलंगावर पालथे ठेवले.

"अन् हे मी तुमच्याजवळूनच शिकली," आचल म्हणाली. "मी तिसरीत होती. आई मामाच्या घरी गेली व्हती. याच भितीची काच फुटली व्हती, तुमी नवी लावली अन् तारीख जुनीच घातली. रंगाची डबी मी धरली व्हती. 'आईले सांगजो नको, ते भीते,' असं म्हटलं तुमी मले. मी आजवर सांगितलं नाई."

भाऊंना ते आठवलं. डबी धरणारा तो एवढासा हात आठवला. गावाला दाखवलेली ती सत्तावीस वर्षांची काच खोटी होती, हे जगात दोघांनाच माहीत होतं आणि त्यातला एक माणूस ते सोयीने विसरला होता. घराचा पाया त्यांनी घाईत घेतला होता. मिस्त्रीनेच स्वतःच्या घराचा पाया उथळ घेतला, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार?

दारात सुभद्राकाकू उभ्या होत्या. हातात धुतलेली परात तशीच होती. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे.

भाऊंनी मान खाली घातली. "तीनदा बदलली," ते म्हणाले. "तुले भेव वाटू नये म्हणून."

"चारदा," काकू म्हणाल्या.

"तीनदाच. माह्या हातानं बदलली मी."

"तीन तुमच्या हातानं. चौथी माह्या." काकूंनी परात खाली ठेवली. "तुमी कौंडण्यपूरच्या जत्रेले गेले व्हते, त्या साली फुटली. म्हटलं, हे आता येतीन, पाहतीन, अन् आठ दिवस तोंडात घास घालणार नाई. तुमच्याच थैलीतली पट्टी काढली. सिमेंट मी लावलं. तारीख या पोरीनं घातली, डी.एड.ले व्हती तवा."

भाऊ उठले. कॅलेंडर बाजूला सारलं. चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि नाक जवळजवळ काचेला टेकवून पाहिलं. ३ मे १९९८. आठच्या खाली ओघळ होता. तो खाली निमुळता होत गेला होता.

आठशे किलोमीटरवरचा ओघळ या माणसाने फोटोत पकडला होता, आणि हा सात वर्षं रोज डोळ्यांसमोर होता. रागवावं की रडावं ते त्यांना कळेना.

"तुले पह्यलेपासून माईत व्हतं?"

"घर मी झाडतो. दहा वर्षांची काच, अन् तिच्यावर धूळ नाई? मी काय आंधळी हावो?"

"मंग राह्यली कावून या घरात?"

"जाऊ कुठी मंग?" काकूंना रागच आला. "काच बदलली त्या रातपासून पोरीची खाट या भितीपासून कावून सरकवली व्हती मी? धान्याची कोठी कावून खाटेच्या जागी आणून ठेवली? तुमाले वाटे, मले घर मांडाची हौस हाय. भेव तं वाटेच. पण तुमी आल्यागेल्याले काच दाखवा अन् खुश व्हा, तवा म्हटलं, राहू द्या."

आचल आईच्या पदराआड तोंड लपवून रडत होती, आणि मधेच हसतही होती. भाऊ पलंगावर बसले. एवढी वर्षं आपण हिला घाबरू दिलं नाही, असा त्यांचा समज होता. ती एवढी वर्षं घाबरलेली होती आणि वर त्यांना सांभाळत होती. त्यांना तिची एवढी कीव आली आणि स्वतःची एवढी लाज वाटली, की त्यांनी सरळ तिचा ओला हात धरला, पोरीसमोरच. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

मग त्यांनी थैली ओढली. आतून काचेच्या दोन पट्ट्या काढल्या. एक आचलच्या हातात दिली, कोरी.

"हे तिकडं लाव. तारीख तू घाल, तुह्या अक्षरात. फुटली का मले फोन कर. दुपार असो का रात असो. पण बदलू नको, माय. फुटली तं फुटली म्हण."

"म्हंजे लग्न?"

"पाहुण्यायले सांग, दिवाळीत आईले घेऊन या म्हणा. मले त्यायच्यासंगं बोलायचं हाय. खाट कोणत्या अंगाले लावायची ते इचारायचं हाय." एवढं बोलून त्यांनी पटाशी घेतली आणि भिंतीवरची जुनी काच खरवडायला सुरुवात केली. काच निघाली. तिच्याखाली भेग होती, बोटभर रुंद नव्हती, पण केसभरही नव्हती. तिघांनीही ती पहिल्यांदाच एकत्र पाहिली.

भाऊंनी दुसरी पट्टी लावली. काकूंनी सिमेंट कालवून दिलं, आचलने रंगाची डबी धरली. भाऊंनी आजची तारीख घालण्यासाठी ब्रश बुडवला.

"थोडा झटका त्याले," काकू म्हणाल्या. "ओघळ येऊ देऊ नका या खेपेस. आमाले काढता येत नाई तो."

भाऊंनी ब्रश झटकला.