पिक्चर वाईट आहे असं सांगायचं ठरलं

आमच्या घरात कुणी एकट्यानं काही बघत नाही. टीव्ही सगळे मिळून बघतात, मोबाइलवर कुणाच्या लग्नाचा व्हिडिओ आला तर तोही सगळे मिळून बघतात. लग्नानंतर पहिल्यांदा मी आणि अंगद बीडला पिक्चरला निघालो, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आमी बी येतो की." झालं. माझ्या आणि नवऱ्याच्या मधल्या खुर्चीत चुलत सासरे सुंदरराव येऊन बसले. त्यांना कमी ऐकू येतं. पडद्यावर कुणी तोंड उघडलं की ते मला विचारत, "काय म्हनला गं?" आणि मी सांगत बसे. मी घरी आले तेव्हा माझा घसा बसला होता.

मला पिक्चरचं वेड आहे असंही नाही. मला अंगदशेजारी बसायचं होतं, बस. तो उजाडायच्या आत शेळ्या घेऊन जातो, दिवस मावळता येतो, आणि त्यानंतर त्याच्याशी बोलायचं तर ते सासू, सासरा आणि चुलत सासरा अशा तिघांच्या देखत. सहा महिने झाले लग्नाला. माझ्या नवऱ्याला कोणती भाजी आवडत नाही हे मला परवा कळलं, तेसुद्धा सासूबाईंकडून.

म्हणून नवीन पिक्चर लागल्याचं कळलं तेव्हा डोकं मी चालवलं. अंगदला गोठ्यात गाठून सांगितलं, की या पिक्चरची घरात इतकी नालस्ती करायची, इतकी करायची, की कुणी यायचं नाव काढणार नाही.

"मंग इतका वाईट हाय तर आपन कावून चाललो?" अंगदनं विचारलं. तसा तो हुशार आहे, फक्त उशिरा.

"तुमच्या दोस्तानं दोन तिकिटं फुकट दिली म्हनायचं. वाया कशाला घालवायची."

दोस्त म्हणजे फिरोज. पाटोद्याला त्याचं मोटारसायकलींचं गॅरेज आहे. दर शुक्रवारी तो बीडला जाऊन पिक्चर बघतो आणि मग आठवडाभर, ज्याची गाडी खोललेली असेल त्याला तो ऐकवतो. गाडी खोललेली असल्यामुळे माणसाला उठून जाता येत नाही. बाजाराच्या दिवशी आम्ही त्याच्याकडे गेलो.

"भाभी, लई भारी पिक्चर हाय," तो म्हणाला. "मी रडलो."

"ते नका सांगू, भाऊजी. वाईट काय हाय ते सांगा."

फिरोजनं हातातला पाना खाली ठेवला. "अंगद बे, भाभीची तब्येत बरी हाय ना?"

अंगदनं त्याला सगळं समजावून सांगितलं. फिरोजचा चेहरा पडला. ज्या पिक्चरला आपण रडलो त्याला नावं ठेवायची म्हणजे त्याच्या जिवावरच आलं. पण दोस्ती होती. तो बराच वेळ विचार करत बसला.

"एक सून हाय, ती सासूला फाडफाड बोलती," तो शेवटी म्हणाला. "एक शेरडं राखनारा दाखवलाय, त्याला शेळी धरता येत न्हाई. आन कोर्टाचा सीन लई लांबलाय. बाकी एक नंबर हाय, खुदा कसम."

बाकीशी आम्हाला काही देणंघेणं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी सुरुवात केली. सासूबाई भाकरी थापत होत्या, मी चुलीत काटक्या सारत होते.

"आत्याबाई, लई वाईट पिक्चर हाय म्हनं. सून सासूला उलटं बोलती."

त्यांचा हात थांबला. "काय बोलती?"

"काय की. लई बोलती म्हनं."

"आन सासू?"

"गप ऐकून घेती."

सासूबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "गप कावून ऐकून घेती? बघावंच लागंल."

इथंच मी थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, एक बाजू पडली तर दुसरी सावरावी. मी सासऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, की शेळ्या राखणारा दाखवलाय तोही अगदी बावळट आहे, त्याला शेळीसुद्धा धरता येत नाही. माझे सासरे बंकट यांचा जन्म शेळ्यांमागं गेला. ते जेवता जेवता थांबले.

"कशी धरतो? कानाला का पायाला?"

"मागच्या पायाला," मी ठोकून दिलं.

"मागच्या पायाला?" ते अर्धे उठले आणि परत बसले. "ह्या लोकांला कुनी सांगायचं का न्हाई?" त्यांचा आविर्भाव असा, की पिक्चरवाले टॉकीजच्या दारात त्यांची वाट बघत उभे आहेत.

सुंदररावांना मी काहीच सांगणार नव्हते. अंगदनं सांगितलं. माझ्याकडं मोठ्या शहाण्यासारखं बघत तो ओरडून म्हणाला, "नाना, समदं कोर्टच कोर्ट हाय, लई कंटाळवानं." सुंदररावांचा बांधाचा दावा मी जन्माला यायच्या आधीपासून चालू आहे. त्यांचे डोळे चमकले.

"तारीख पडती का त्यात?"

"पडती."

"मंग खरा हाय पिक्चर," सुंदरराव म्हणाले.

फिरोजनं दोनच तिकिटं फुकट दिलीत, मोटारसायकलवरही दोघंच बसतात, असं अंगदनं सांगून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, बाकीची तिकिटं काढू, टमटम सांग. त्यानं शेळ्यांचं काय करायचं म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, शेजारचा तात्याबा बघेल. मला इतका संताप आला की चुलीतला जाळ बघायचं भान राहिलं नाही, आणि दोन भाकरी करपल्या. त्या मी अंगदला वाढल्या.

रविवारी टमटम भरून आम्ही बीडला गेलो. सुंदरराव टॉकीजमध्ये सरळ चालत आले आणि आमच्या मधल्या खुर्चीत बसले. जणू ती त्यांच्या नावावर होती.

पिक्चर सुरू झाला. सून आली. सासूला बोलायला लागली आणि मी मान खाली घातली. घरी गेल्यावर काय काय ऐकावं लागेल त्याचा मनात हिशोब मांडत होते, तेवढ्यात सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "बरोबर बोलली." पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. मग शेळ्या राखणारा आला. सासऱ्यांनी त्याला बसल्या जागेवरून कानाला धर, कानाला धर, असं सांगितलं. त्यानं ऐकलं नाही.

मध्यांतर झालं. सासूबाईंनी कपाळ दाबलं.

"माझं डोस्कं चढलं. अवो, मला बाहीर न्या."

"आगं, त्या शेळीचं पुढं काय व्हतंय…"

"न्या म्हनते न्हवं."

सासरे कुरकुरत उठले. ते दोघं गेले ते परत आलेच नाहीत. इकडं पडद्यावर कोर्ट सुरू झालं आणि सुंदरराव माझ्याकडं झुकले, "काय म्हनला गं वकील?" मला काय सुचलं कोण जाणे. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "मला बी ऐकू येईना, नाना. पुढं बसल्यावर येतंय वाटतं." ते लगबगीनं उठले आणि पहिल्या रांगेत, थेट पडद्याखाली जाऊन बसले.

मधली खुर्ची रिकामी झाली. अंगद त्या खुर्चीत आला. त्यानं माझा हात हातात घेतला. त्याच्या हाताला साबणाचा वास येत होता आणि त्याखाली शेळ्यांचाही. मी त्याला सांगायच्या कितीतरी गोष्टी मनात साठवल्या होत्या. त्यातली पहिली सुरू केली, माझ्या माहेरच्या विहिरीची. ती अर्ध्यावर आली असेल नसेल, तर माझ्या खांद्यावर त्याचं डोकं आलं आणि तो घोरायला लागला.

हा माणूस खाली टेकला की झोपतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला राग आला. एवढा खटाटोप, एवढं खोटं बोलणं, आणि नवरा झोपलाय. पण खरं सांगू, त्या रागातही मला इतकं बरं वाटत होतं की पिक्चर संपेपर्यंत मी खांदा हलवला नाही. समोर सगळे रडत होते. का रडत होते ते मला आजही माहीत नाही.

बाहेर आलो तर सासूबाई आणि सासरे लिंबाखाली बसलेले. सासूबाईंच्या अंबाड्यावर गजरा. दोघांच्या हातात कुल्फी. सासरे काहीतरी सांगत होते आणि त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. डोकं दुखत असलेली बाई अशी हसत नाही. आम्हाला बघून त्यांनी पदर सावरला.

टमटममध्ये सुंदरराव गप्प बसेनात. असा पिक्चर होणे नाही, पुढच्या रविवारी सगळी भावकी घेऊन येतो, दोन टमटम करू, असं त्यांचं चाललं होतं. सासूबाई मात्र बाहेर बघत शांतपणे, पण सुंदररावांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एवढं काय न्हाई भावजी. बरा हाय."

"बरा हाय?"

"हां. बरा हाय."

सुंदररावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, "तसं कोर्ट जरा लांबलंच." आणि त्यांनी ड्रायव्हरशी कांद्याच्या भावाचा विषय काढला.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला रांजणापाशी गाठलं. "फिरोजनं तिकिटं खरंच फुकट दिलती का?"

मी तांब्या रांजणात बुडवला.

"पोरी, वाईट म्हनलं की मानूस आधी पळतो, काय वाईट हाय ते बघाया. चांगला म्हनलं तरी पळतो. बरा हाय म्हनलं की कुनी जागचं हालत न्हाई."

"तुमाला कसं म्हाईत, आत्याबाई?"

"मला बी सासू व्हती," त्या म्हणाल्या. "तवा तुझ्यासारखंच वाईट म्हनून बघितलं मी. सासू, दीर, समदे आले. मला अक्कल आली तवर टुरिंग टॉकीज निघून गेलती."

तेवढ्यात शेजारच्या वच्छलाबाई कुंपणावरून वाकल्या. "गेलत्या म्हनं पिक्चरला. कसा हाय गं, धनश्री?"

मला त्यांना सगळं सांगावंसं वाटत होतं. खांदा अजून अवघडलेला होता.

"बरा हाय," मी म्हटलं.

"हां का," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि आमची कबरी शेळी व्याली का ते विचारून गेल्या.

सासूबाईंनी गजरा काढून ओल्या फडक्यात गुंडाळला. "येत्या शुक्रवारी कोनता लागतोय ते फिरोजला इचारून ठिव," त्या हळूच म्हणाल्या. "आन तिकिटं दोन-दोनच सांग. लांब लांबची."