चाळीस मीटर

"बाबा, ब्रेक मारल्यावर गाडी थांबेपर्यंत किती गेली, ते सांग आधी," कमळानं विचारलं.

"चाळीस मीटर," लडकू म्हणाला.

आकडा त्याला पाठ होता. पडघ्याच्या बाजाराजवळ त्याच्या ट्रकखाली गुणाबाई नावाची म्हातारी भाजीवाली गेली, त्याला तीन महिने होत आले होते. डांबरावरच्या चाकांच्या खुणा पोलिसांनी टेपनं मोजून पंचनाम्यात लिहिल्या होत्या. वेग मात्र कुणी मोजला नव्हता. गाडी ताशी चाळीसच्या वेगानं चालली होती, म्हातारी एकाएकी आडवी आली, असं लडकूनं पोलिसांना सांगितलं, शेठला सांगितलं, बायकोला सांगितलं. सांगून सांगून त्याला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं. सोमवारी भिवंडीच्या कोर्टात तेच सांगायचं होतं. खुणांचा विषय निघाला तर गडबडू नकोस, असं वकिलानं बजावलं होतं. म्हणून तो मुलीपाशी येऊन बसला होता. कमळा दहावीत होती, गणितात वर्गात पहिली यायची. गाडी थांबण्याचं काही पुस्तकात असतं का, असं बापानं विचारलं तेव्हा तिला कोण आनंद झाला. तिच्या अभ्यासातलं त्यानं काही विचारायची ही पहिलीच वेळ.

तिनं समजावून सांगितलं. वेग दर सेकंदाला जितका बदलतो, ते त्वरण. रेस दिली की वेग वाढतो, ब्रेक दाबला की घटतो. घटतो तेव्हा त्वरण ऋण. लडकूच्या उजव्या पायाला हे वीस वर्षं ठाऊक होतं. त्याला काही नाव असतं, हे आज कळलं.

"पुस्तकात ब्रेकचं ऋण त्वरण पाच दिलंय. म्हंजे दर सेकंदाला वेग पाचानं कमी. शेवटी गाडी थांबली, म्हंजे वेग शून्य. आता सुरुवातीचा काढायचा."

दोन गुणिले पाच गुणिले चाळीस. चारशे. चारशेचं वर्गमूळ वीस. सेकंदाला वीस मीटर. त्याचे तासाचे किलोमीटर केले आणि तिची पेन्सिल थांबली.

बहात्तर.

तिनं पुन्हा मांडलं. पुन्हा बहात्तरच. मग चाळीसचा वेग धरून उलटं करून पाहिलं, तर गाडी साडेबारा मीटरांच्या आतच थांबत होती.

लडकू कागदाकडे बघत राहिला. ट्रकमधलं सूत शेठला दुपारच्या आत हवं होतं. उतारावर त्यानं रेसवरचा पाय काढला नव्हता. म्हातारीनं ट्रककडे बघितलंही होतं. लांब आहे, असं बघूनच ती रस्त्यात उतरली होती.

"माझंच कायतरी चुकलं असंल," कमळा म्हणाली आणि बापाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"हां," तो म्हणाला. "चुकलं असंल."

तिनं पान पुसून टाकलं.

सोमवारी लडकूनं चाळीस सांगितलं. त्या दिवशी ट्रकमध्ये शेजारी बसलेल्या क्लीनरनंही तेच सांगितलं. कोर्टात गणित कुणी मांडलं नाही. पुढं पुरावा अपुरा ठरून तो सुटला. निकाल ऐकूनही गुणाबाईचा मुलगा बाकावर बसूनच होता. शेवटी शिपायानं त्याला उठवलं.

कमळा सहामाहीला विज्ञानाच्या पेपराला बसली नाही. दिवाळीनंतर तिनं शाळाच सोडली आणि धामणकर नाक्याजवळच्या एका कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली. आई चिडली, रडली. विज्ञानाच्या बाईंनी दोनदा निरोप धाडला. कारण विचारलं की कमळा म्हणायची, जमत न्हाय.

लडकूनं ते दोन महिने सोसलं. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो कारखान्यावर गेला आणि पायरीवर तिच्याशेजारी बसला.

"कमळे, तुझं गणित बरोबर व्हतं."

कमळा बोटाला चिकटलेलं सूत सोडवत होती.

"म्हाईत हाय. दुसऱ्याच दिवशी परत मांडून बाईंना दाखवलं मी, चूक कुठं हाय ते बघाया. त्यांनी शाबासकी दिली. गाडी कोनाची, विचारलं. मी सांगितलं, मनातली."

मग, शाळेत परत जाशील का, असं त्यानं विचारलं.

"त्या तासाला बसवत न्हाय, बाबा."

सुट्टी संपली. भाकर खाल्लीस का, असं तिनं उठताना विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. यंत्रं एकेक करून सुरू झाली. त्यांतलं तिचं कोणतं, हे लडकू पायरीवर बसून ओळखू पाहत होता.