पोटलीतली आग

मारुतीच्या पारासमोर अर्धं अल्लीपूर लोटलं होतं. आत्मे काढणाऱ्या महाराजांनी गावातल्या कौशल्याबाईंच्या दोन्ही तळहातांवर मातीचा परळ ठेवला, परळात लाल फडक्याची पोटली ठेवली आणि त्रिशूळ उचलला.

"पाहा बापा! माचीस नाई, कापूर नाई, रॉकेल नाई. हात माहे रिकामे. पोटलीत मंत्र भरला हाय. घरात अडकलेला आत्मा यात ओढला का भडका होते. नाई झाला तं समजा, आत्माच नाई!"

म्हणजे भडका झाला तरी महाराज खरे, नाही झाला तरी खरे.

त्रिशूळाचं टोक पोटलीत घुसलं. फुस्स आवाज झाला, पांढरा धूर उसळला आणि पाठोपाठ ज्वाळेचा फवाराच उडाला. गर्दीनं जयजयकार केला. त्यात कौशल्याबाईंची किंकाळी विरून गेली. परळ पडून फुटला होता आणि त्यांच्या डाव्या हाताची कातडी सोलून निघाली होती.

"पाप जुनं होतं माय," महाराज म्हणाले. "तेच जळून राह्यलं."

लोकांनी पुन्हा हात जोडले.

मी सगळं बघत उभी होते आणि मला काहीच वाटलं नाही. भीती नाही, रागही नाही. माझा धाकटा भाऊ नीरज हिंगणघाटच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला, तेव्हापासून माझं असंच आहे. वर्ध्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, शनिवारी घरी येते, जेवायचं म्हणून जेवते. भाजीत मीठ आहे का नाही, तेही कळत नाही.

आईनं माझा दंड धरला. तिचे डोळे कित्येक महिन्यांनी ओले झाले होते.

"अंकिता, महाराजाले आपल्या घरी बोलावलं मी. सोमवारी येते. नीरज घरातच हाय म्हणते तो. सुटला नाई म्हणते."

"त्याला नीरजचं कुणी सांगितलं?"

"त्याले दिसते ना वं."

मला मात्र वास आला होता. धूर उसळला तेव्हाच, गोडसर, नेलपॉलिशसारखा. तो माझ्या ओळखीचा होता. नीरजला छोटे ड्रोन जोडून उडवायचा नाद होता. एकदा आमच्या वांग्याच्या वावरात ड्रोन आपटला आणि त्याची बॅटरी वाकली, तेव्हा हाच वास सुटला होता. "ताई, मागं सर!" असं ओरडून त्यानं ती वाळूच्या ढिगावर भिरकावली आणि दुसऱ्याच क्षणी ती पेटली.

लोक पांगल्यावर मी काडीनं परळाची खापरं उलटवली. पापडासारखे जळके तांब्याचे पत्रे निघाले आणि लाल-काळ्या तारेच्या टोकाला वितळलेला पिवळा प्लग, नीरजच्या ड्रोनच्या बॅटऱ्यांना असायचा तसाच.

घरी येऊन आईला विचारलं, "नीरजचे तुटके ड्रोन कुठे आहेत?"

"पोतं भरून कबाडीवाल्याले देले दिवाळीत. पाह्यलं का तोच दिसे मले."

"कोणत्या कबाडीवाल्याला?"

"तो योगेंद्र नाई का? महाराजाच्या मागं मोरपीस घेऊन उभा राह्यते, तोच."

पोटलीत मंत्र नाही, बॅटरी होती, हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"असन," ती म्हणाली. "पण मले एक डाव करू दे."

वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं.

सोमवारी आमचं अंगण भरलं. आई परळ धरून बसली, महाराजांनी त्यात पोटली ठेवली. बाबा भिंतीला टेकून उभे होते. मी कोरड्या वाळूची बादली, चुलीजवळचा लांब चिमटा, कात्री आणि वेल्डिंगवाल्याकडून आणलेले चामडी हातमोजे घेऊन पुढे झाले.

"हे काय पोरी?" महाराजांनी विचारलं.

"आईचा हात भाजू नये म्हणून."

मी चिमट्यानं पोटली उचलली आणि वाळूवर ठेवली. परळात दुसरी ठेवली, तशीच लाल, आत माझा रुमाल. "नीरज माझा भाऊ. पोटली मी बांधली आहे. मंत्र यात भरा."

"मंत्र असा भराभर भरत नसते!"

"मग उद्या भरा."

"हो ना महाराज," शेजारचे रूपराव म्हणाले, "भरा ना. काऊन नाई भरत?"

"अश्रद्धेच्या घरात आत्मा येत नाई!" महाराज कडाडले.

"परवा तं म्हणे घरातच हाय," रूपराव म्हणाले. मागून कुणीतरी हसलं.

मी हातमोजे घातले आणि पहिल्या पोटलीचा दोरा कापला. फडकं उलगडलं. आत चांदीच्या रंगाचं, फुगलेलं पाकीट होतं. पिवळा प्लग होता. आणि पाकिटाला एक हिरवा पट्टा बांधलेला होता. तो सोडायची तसदीही कुणी घेतली नव्हती.

आई पुढे वाकली.

"हा पट्टा माहा हाय," ती म्हणाली. "माह्या पोलक्याचं कापड. नीरजच्या ड्रोनाची बॅटरी हलू नये म्हणून मीच शिवून देलता."

मी वर्गात सांगते तसं सांगितलं. ही लिथियमची बॅटरी. ड्रोन तुटला तरी हिच्यात ताकद उरते. पुन्हा चार्ज करून टोक खुपसलं, की आतले पडदे फाटतात, ती स्वतःच तापते आणि पेटते. माचीस लागत नाही. मंत्रही लागत नाही. तो धूर मात्र विषारी असतो.

योगेंद्र रडकुंडीला आला. "मले काय मालूम! महाराज म्हणले, पोत्यातल्या बॅटऱ्या चार्ज करून दे. पोरगा कोणाचा होता, तेही इचारलं त्यायनं."

महाराज फटफटीकडे निघाले होते. रूपरावांनी किल्ली काढून घेतली. पुढचं पोलिसांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली केलं.

आईनं परळ खाली ठेवला.

"मंग नीरज घरात नाई?"

"नाही आई."

"कुठीच नाई?"

"नाही."

ती पदरानं तोंड पुसून उठली. "बरं. कौशल्याचा हात चिघळला हाय. अंगारा लावून बसली ते. तिले दवाखान्यात ने आधी."

नंतर योगेंद्रच्या टपरीतून उरलेलं पोतं आणलं. चालत्या मोटारी आणि कॅमेरे कॉलेजच्या मुलांना दिले. ती त्यातून नवे ड्रोन जोडतात. बॅटऱ्यांच्या तारांची टोकं चिकटपट्टीनं झाकली, पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवल्या आणि बाबांच्या भाजीच्या टेम्पोतून मान्यताप्राप्त ई-कचरा केंद्रात पोचवल्या. तिथे त्यांतलं तांबं, कोबाल्ट वेगळं काढून पुन्हा वापरतात. आई सोबत आली होती.

तुमच्या घरात फुगलेली बॅटरी असेल, ड्रोनची असो वा मोबाइलची, तर ती चार्ज करू नका, टोचू नका, उकिरड्यावर टाकू नका, कबाडीत देऊ नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्या. आणि घरात दुःख असेल, तर त्या वेळी दारात येणाऱ्याला जास्त प्रश्न विचारा, कारण फसवणारा तेव्हाच येतो. खऱ्या उत्तरानं आमचं दुःख कमी झालं नाही. पण आईचे हात शाबूत राहिले.